खेळाचें यंत्र आणि त्याचा पडदा

तंबोरा घेण्यासाठीं मिरजेस गेलेला जाणता गवई नुसत्या तारांची चौकशी करून परत फिरत नाहीं. तारा कशा आहेत हें तो पाहतोच. पण भोपळा किती घेराचा आहे, किती वाळलेला आहे, हेंही तितक्याच बारकाईनें पाहतो. कारण नाद तारेंत जन्मला तरी तो घुमतो भोपळ्यांत. संगणकावर खेळ खेळण्यासाठीं यंत्र विकत घेणारा सुशिक्षित गृहस्थ मात्र ही सावधगिरी क्वचितच बाळगतो. प्रोसेसर कोणता, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कोणत्या पिढीचें, याची चौकशी आठ-आठ दिवस चालते. आणि पैसे संपत आले म्हणजे “आतां एखादा बरासा मॉनिटरही द्या” असें दुकानदारास सांगण्यांत येतें. कांहीं घरीं याच्या नेमकें उलट घडतें. मुलाच्या आग्रहास्तव भव्य पडदा आधीं येतो आणि त्याला पेलेल असें यंत्र घेण्यास पैसा उरत नाहीं. दोन्ही घरीं मोठी रक्कम खर्च होते, आणि दोन्ही घरीं खेळ मनासारखा दिसत नाहीं तो नाहींच.

यंत्र आणि पडदा या दोन निरनिराळ्या वस्तु असून त्यांची निवडही निरनिराळी करतां येते, ही समजूत या चुकीच्या मुळाशीं आहे. या खेळांचा गेल्या सहा-सात दशकांचा इतिहास चाळून पाहिला, तर ही समजूत अगदीं प्रारंभापासून खोटी ठरत आलेली दिसते.

या इतिहासाच्या आरंभींच्या प्रसंगांपैकीं एक १९५८ सालच्या ऑक्टोबर महिन्यांतील आहे. अमेरिकेंतील ब्रुकहेव्हन राष्ट्रीय प्रयोगशाळा पाहण्यास बाहेरचे लोक येणार होते. विल्यम हिगिनबॉथम या पदार्थविज्ञानवेत्त्यानें त्यांच्या करमणुकीसाठीं एक युक्ति योजली. प्रयोगशाळेंत एक लहानसा अ‍ॅनलॉग संगणक होता. फेकलेल्या वस्तूचा मार्ग, उसळणाऱ्या चेंडूची गति, असलीं गणितें त्यावर सोडवितां येत. त्याला हिगिनबॉथम यांनीं ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लहरी दाखविणारें उपकरण, जोडलें. त्याची कांच अवघी पांच इंच रुंदीची. आडवी रेघ म्हणजे जमीन, मधली आंखूड उभी रेघ म्हणजे जाळें, आणि इकडून तिकडे उडणारा तेजस्वी ठिपका म्हणजे चेंडू, असा तो टेनिसचा खेळ होता. लोकांनीं त्यापुढें रांगा लावल्या. १९५९ सालीं तोच खेळ पुन्हां मांडण्यांत आला, तेव्हां त्याला अधिक मोठा पडदा जोडलेला होता. शिवाय चंद्रावर किंवा गुरूवर चेंडू कसा उडेल हेंही त्यांत पाहावयास मिळालें. तात्पर्य, पहिल्या सुधारणेंतच पडदा व गणित हीं दोन्ही बरोबरीनें पुढें सरकलीं.

यानंतरचा टप्पा १९६२ चा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत पीडीपी-१ नांवाचा संगणक आला होता. त्या काळीं त्याची किंमत सुमारें १,२०,००० डॉलर होती. त्याच्याबरोबर एक वाटोळा पडदा होता आणि त्यावर १०२४ आडव्या व १०२४ उभ्या जागांपैकीं हव्या त्या जागीं ठिपका उमटवितां येत असे. स्टीव्ह रसेल व त्याच्या सोबत्यांनीं या यंत्रावर ‘स्पेसवॉर’ हा दोन अंतराळयानांच्या झुंजीचा खेळ रचला. पडद्याच्या कांचेवरील लेप मूळचा रडारसाठीं बनविलेला होता. ठिपका विझल्यावरही त्याची फिकट हिरवट प्रभा कांहीं काळ टिकून राही. त्यामुळें धांवत्या यानामागें प्रकाशाची शेपटी उमटे. ती शेपटी कोणत्याही आज्ञावलींत लिहिलेली नव्हती. ती पडद्यानें खेळास दिलेली देणगी होती. त्याच सुमारास मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० पासून टिफ्रॅक हा संगणक काम करीत होता, आणि आलेख व अक्षरें दाखविण्यासाठीं त्यालाही कॅथोड किरणांची नळी जोडलेली होती. असलीं यंत्रें शास्त्रीय कामासाठीं उभारलेलीं होतीं. सामान्य कुटुंबास त्यांपैकीं काय परवडेल, हा प्रश्न अद्यापि उद्भवलाच नव्हता.

तो उद्भवला तेव्हां त्याचें उत्तर दिवाणखान्यांत आधींच उभें होतें, तें म्हणजे दूरदर्शन-संचाचें. पडदा घरांत आहेच. तर त्याला जोडण्यापुरतें यंत्र विकावें, ही कल्पना राल्फ बेअर यांनीं प्रत्यक्षांत आणली आणि १९७२ सालीं मॅग्नाव्हॉक्स कंपनीचें ‘ओडिसी’ हें यंत्र बाजारांत आलें. हें यंत्र अत्यंत गरीब होतें. पडद्यावर कांहीं ठिपके व एक रेघ, याहून अधिक त्याच्यानें काढवत नसे. म्हणून क्रीडांगण, रस्ता, नकाशा असलीं रंगीत चित्रें छापलेले पारदर्शक पडदे त्याच्याबरोबर मिळत, आणि ते संचाच्या कांचेवर चिकटवावे लागत. हे पडदे निरनिराळ्या मापांच्या संचांसाठीं दोन आकारांत दिलेले होते. पडद्याचें माप पाहून खेळाचें साहित्य निवडण्याचा प्रसंग गृहस्थावर आला तो असा, या धंद्याच्या पहिल्याच वर्षीं.

यंत्राचें दारिद्र्य पडद्याच्या साहाय्यानें कसें झांकावें, याचा याहून सुंदर दाखला १९७७ सालच्या अटारी कंपनीच्या घरगुती यंत्रांत सांपडतो. या यंत्राची स्मृति अवघी १२८ बाइट होती. तीन-चार ओळींचें पत्र लिहिलें तरी त्याला याहून अधिक जागा लागेल. संपूर्ण चित्र सांठवून ठेवण्याची सोय नसल्यामुळें, संचांतील किरण कांचेवर एकेक ओळ काढीत जाई त्याच वेगानें यंत्राला त्या त्या ओळीचें चित्र पुरवावें लागे. क्षणभर विलंब झाला कीं चित्र बिघडे. यंत्र जणूं पडद्याच्या ठेक्यावरच गात होतें. हा ठेका सर्व देशांत सारखा नव्हता, हें विशेष. अमेरिकेंत व जपानांत दूरदर्शनचें चित्र सेकंदास सुमारें ६० वेळां रेखलें जाई, तर भारतांत व युरोपांतील बहुतेक देशांत ५० वेळां. पडद्याच्या ठेक्यावर चालणारा खेळ एका प्रदेशांतून दुसऱ्या प्रदेशांत नेतांना नीट दुरुस्त केला नाहीं, तर तो एक-षष्ठांशानें मंद चाले. तोच खेळ, तेच गणित. परंतु पडदा बदलला म्हणून वेग बदलला.

दूरदर्शन-संच सोडून स्वतंत्र मॉनिटर घेण्याची वेळ आली, तेव्हां निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थानें उभा राहिला. १९८१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत आयबीएम कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर विक्रीस आणला. त्याच्यासाठीं चित्र दाखविणारीं दोन कार्डें होतीं. एक फक्त अक्षरांचें होतें. एका ओळींत ८० अक्षरें व अशा २५ ओळी, हिरव्या रंगांत अत्यंत रेखीव दिसत. परंतु त्यावर चित्र म्हणून काढतां येत नसे. दुसरें कार्ड रंगांचें होतें. त्यावर ३२० आडव्या व २०० उभ्या बिंदूंचें चित्र एका वेळीं चार रंगांत निघे; मात्र त्यावरील अक्षरें ओबडधोबड दिसत. पहिल्या कार्डास एका जातीचा मॉनिटर लागे, दुसऱ्यास निराळ्या जातीचा. कचेरीच्या कामासाठीं हिरव्या अक्षरांचा जोड घेतलेल्या घरीं मुलांना चित्रांचा खेळ दिसणें शक्यच नव्हतें, मग आंतील प्रोसेसर कितीही चांगला असो. “काम कोणतें?” हा प्रश्न यंत्राच्या आधीं विचारला पाहिजे, हा धडा येथें प्रथमच पैशांच्या भाषेंत शिकविला गेला.

१९८७ सालीं आयबीएमनेंच व्हीजीए ही नवी पद्धति आणली आणि ३२० × २०० बिंदूंच्या चित्रांत एकदम २५६ रंग दिसूं लागले. याच पद्धतीवर १९९३ सालच्या डिसेंबरांत ‘डूम’ हा खेळ अवतरला. व्हीजीएच्या या प्रकारांत पडदा सेकंदास ७० वेळां नवा होई. डूमनें त्याच्या निम्मी, म्हणजे सेकंदास ३५ चित्रांची मर्यादा स्वीकारली होती. परंतु पुष्कळ घरांतील यंत्रांना तेवढेंही झेपत नसे. त्यांच्यासाठीं खेळांतच एक तोड ठेवलेली होती. चित्राची चौकट लहान करावी. बिंदु कमी झाले कीं वेग वाढे. हजारों मुलांनीं त्या वेळीं पडद्याच्या मध्यभागीं आकसलेल्या खिडकींतून हा खेळ खेळला. बिंदूंची संख्या आणि चित्रांचा वेग या दोहोंची तराजू, जी आजही प्रत्येक खरेदीच्या मुळाशीं आहे, ती त्या मुलांनीं स्वतःच्या हातानें वरखालीं करून पाहिली होती.

ही तराजू हलकी करण्यासाठींच पुढें स्वतंत्र ग्राफिक्स कार्डें निघालीं. १९९६ सालीं थ्रीडीएफएक्स कंपनीचें ‘व्हूडू’ कार्ड आलें. तें नुसतें त्रिमितीय चित्रांचें काम करी. जुन्या कार्डाची तार आधीं त्यांत आणि मग त्यांतून मॉनिटरकडे, अशी त्याची जोडणी असे. म्हणजे तें अक्षरशः यंत्र व पडदा यांच्या मधोमध बसे. १९९९ सालीं एनव्हिडिया कंपनीनें ‘जीफोर्स २५६’ काढलें, आणि तेव्हांपासून ग्राफिक्स कार्ड हेंच खेळाच्या यंत्राचें मुख्य अंग होऊन बसलें. किंमतीचाही मोठा वांटा त्याच्याकडेच गेला. ग्राहकांचें सारें लक्ष पेटीच्या आंत वळलें आणि पडद्याचा विसर पडूं लागला तो याच काळांत.

या विसराची शिक्षा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मिळाली. कांचेच्या जड नळ्या जाऊन एलसीडी जातीचे चपटे पडदे आले. टेबलावरील जागा वांचली, वीज वांचली, आणि बहुतेकांनीं आनंदानें बदल केला. परंतु नळीचे दोन गुण त्या बदलांत हरवले. नळीस ठराविक बिंदुसंख्या नसे. यंत्र अशक्त असलें तर कमी बिंदूंचें चित्र मागावें, आणि तेंही डोळ्यांस चांगलें दिसावें, अशी तींत सोय होती. एलसीडी पडद्याचे बिंदु मात्र कारखान्यांतच ठरलेले असतात. त्याहून कमी बिंदूंचें चित्र त्यावर ताणलें कीं कडा धूसर होतात. दुसरा गुण चपळाईचा. आरंभींच्या एलसीडी पडद्यांतील बिंदु रंग बदलण्यास इतका विलंब लावीत कीं, धांवत्या वस्तूमागें डाग ओढल्यासारखे दिसत. शिवाय ते बहुधा सेकंदास ६० चित्रांवर अडकलेले असत. त्यामुळें चढाओढीचे खेळ खेळणाऱ्या अनेक निष्णात खेळाडूंनीं आपल्या जुन्या नळ्या पुष्कळ दिवस सोडल्या नाहींत. १२० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदास १२० चित्रें दाखविणारे एलसीडी पडदे २००९ च्या सुमारास बाजारांत आले, तेव्हां कोठें ही उणीव भरून निघूं लागली.

तरीही एक जुनें भांडण शिल्लक होतें. पडदा ठराविक ठेक्यानें चित्र मागतो. यंत्राला मात्र प्रत्येक चित्रास सारखाच वेळ लागत नाहीं. मोकळें मैदान लवकर काढून होतें, धुरानें व गर्दीनें भरलेल्या रणांगणास अधिक वेळ लागतो. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनीं नवें चित्र मागतो. यंत्राला १८ मिलिसेकंद लागले, तर दोनच मार्ग उरतात. अर्धवट चित्र तसेंच दाखवावें, म्हणजे प्रतिमा मधोमध फाटल्यासारखी दिसते. किंवा पुढच्या ठेक्यापर्यंत थांबावें, म्हणजे तेंच चित्र ३३.३ मिलिसेकंद राहून खेळ अडखळतो. १९७७ सालीं यंत्र पडद्याच्या मागें धांवत होतें. आतां पडद्यानेंच यंत्रासाठीं थांबावें, असा उपाय निघाला. एनव्हिडियानें २०१३ सालीं ‘जी-सिंक’ ही योजना जाहीर केली. २०१४ सालीं व्हेसा या मानक ठरविणाऱ्या संस्थेनें ‘अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक’ला मान्यता दिली, आणि तिच्या आधारें एएमडी कंपनीच्या ‘फ्रीसिंक’चे पडदे २०१५ सालीं आले. यंत्राचें चित्र तयार झालें कीं, ठरलेल्या मर्यादेच्या आंत, पडदा त्याच क्षणीं तें दाखवितो. अशक्त यंत्राच्या धन्यास या सोयीचा जितका लाभ होतो तितका सशक्त यंत्राच्या धन्यासही होत नाहीं. म्हणून मध्यम किंमतीचें यंत्र घेणाऱ्यानें ती अवश्य पाहून घ्यावी.

हा सारा इतिहास ध्यानांत ठेवून आजच्या दुकानांत शिरलें, म्हणजे फळीवर मांडलेले आंकडे गूढ वाटत नाहींत. साध्या एचडी पडद्यावर १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदु असतात. त्याच्या वरच्या पायरीवर २५६० × १४४० म्हणजे ३६,८६,४००. आणि फोर-के पडद्यावर ३८४० × २१६० म्हणजे ८२,९४,४००. शेवटचा आंकडा पहिल्याच्या बरोबर चौपट आहे. या संख्येस सेकंदांतील चित्रांच्या संख्येनें गुणलें कीं यंत्रावर पडणाऱ्या भाराची स्थूल कल्पना येते. एचडी पडदा ६० हर्ट्झवर सेकंदास सुमारें साडेबारा कोटी बिंदु मागतो. मधल्या पायरीचा पडदा १४४ हर्ट्झवर सुमारें त्रेपन्न कोटी मागतो. फोर-के पडदा ६० हर्ट्झवर सुमारें पन्नास कोटी. म्हणजे शेवटचे दोन पडदे दिसण्यांत इतके भिन्न असूनही यंत्राकडे जवळजवळ सारखेंच काम मागतात! भेद एवढाच कीं, एक तें काम रेखीवपणासाठीं मागतो आणि दुसरा चपळाईसाठीं. बिंदूंचा भार बहुतेक ग्राफिक्स कार्डावर पडतो. चित्रांचा वेग वाढविला म्हणजे प्रोसेसरलाही तितक्याच वेळां खेळाचा हिशेब करावा लागतो. तेव्हां वेगवान पडदा घेणाऱ्यानें प्रोसेसरमध्यें काटकसर करूं नये, आणि रेखीव पडदा घेणाऱ्यानें ग्राफिक्स कार्डांत करूं नये.

यावरून निवडीचा क्रमही आपोआप ठरतो. प्रथम खेळ कोणते खेळावयाचे तें ठरवावें. नेमबाजीचे व चढाओढीचे खेळ असतील, तर १४४ हर्ट्झ किंवा त्याहून अधिक वेगाचा पडदा उपयोगीं पडतो. तेथें दोन चित्रांतील अंतर १६.७ वरून ७ मिलिसेकंदांच्या आंत येतें. कथेचे, प्रवासाचे, डांवपेंचांचे खेळ असतील, तर वेगापेक्षां रंग व रेखीवपणा यांस मोल द्यावें. दुसरी गोष्ट टेबलाची. हातभर अंतरावर बसणाऱ्यास एचडी चित्र २४ इंचांच्या पडद्यावर नीटस दिसतें, कारण तेथें दर इंचांत सुमारें ९२ बिंदु येतात. तेंच चित्र २७ इंचांवर पसरलें कीं ते सुमारें ८२ होतात आणि अक्षरांच्या कडा खुपूं लागतात. २७ इंचांस मधल्या पायरीचा पडदा शोभतो. तिसरी गोष्ट पडद्याच्या जातीची. आयपीएस जातीचा पडदा कोणत्याही बाजूनें पाहिला तरी रंग सहसा बदलत नाहींत. व्हीए जातीचा काळोख अधिक गडद दाखवितो, पण काळोख्या देखाव्यांतील हालचाल त्यांत किंचित् माखते. ओएलईडी दोन्ही बाबतींत सरस असला तरी महाग आहे, आणि एकच स्थिर चित्र दिवसेंदिवस ठेवल्यास त्याचा डाग राहण्याचें भय असतें. मुलाचा अभ्यास किंवा वडिलांचें कचेरीचें काम त्याच पडद्यावर व्हावयाचें असेल, तर हें शेवटचें विसरूं नये. एवढें ठरल्यावर मग, त्या पडद्याची मागणी पुरवील असें यंत्र पाहावें. चांगला पडदा बहुधा एकाहून अधिक यंत्रांच्या आयुष्यास पुरतो. म्हणून त्यावर थोडा अधिक खर्च झाला तरी तो वायां जात नाहीं.

खरेदी झाल्यावरही जुन्या चुकीचें एक शेवटचें रूप उरतें. नवा १४४ हर्ट्झचा पडदा घरीं येतो, पण संगणकाच्या सेटिंगमध्यें तो ६० वरच राहतो आणि कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. मॉनिटरची तार महागड्या ग्राफिक्स कार्डास न जोडतां मदरबोर्डाच्या तोंडाला जोडली जाते, आणि कार्ड नुसतें बसून राहतें. घरांत पडलेली जुनी एचडीएमआय तार लावली जाते, आणि फोर-के पडदा सेकंदास ३० चित्रांवर रखडतो. अशा वेळीं दोष यंत्राच्या माथीं मारला जातो आणि आणखी महाग कार्ड घेण्याच्या गोष्टी सुरू होतात. वस्तुतः नव्या खर्चाची तेथें कांहींच आवश्यकता नसते. यंत्र व पडदा यांच्यामधील वाट तेवढी मोकळी करावयाची असते.

पांच इंचांच्या कांचेवरचा तो टेनिसचा ठिपका आणि आजचें फोर-के चित्र यांमध्यें जमीन-अस्मानाचें अंतर पडलें आहे. परंतु हिगिनबॉथम यांच्या पुढें जो प्रश्न होता तोच आजच्या गृहस्थापुढें आहे: या गणिताला हा पडदा पुरेल काय, आणि या पडद्याला हें गणित पुरेल काय? दोन्हींचीं उत्तरें एकाच बैठकींत मिळवून जो दुकानाची पायरी चढेल, त्याला मध्यम रकमेंतही उत्तम खेळ घरीं नेतां येईल.